माऊने बसावं म्हणून

सेक्रेटरीकाकांची पँट फाटली तेव्हा ती त्यांच्या अंगात होती, एवढंच काय ते चुकलं. दोरीवर वाळत असताना फाटली असती तर प्रकरण इतकं चिघळलं नसतं; मी नवी आणून दिली असती, त्यांनी नको-नको म्हणत घेतली असती, विषय संपला असता. पण काका जिना चढत होते, आमचा कुत्रा जिना उतरत होता आणि त्याला काकांना बघून आनंद झाला. आनंद झाला की तो मागच्या पायांवर उभा राहतो आणि पुढचे दोन समोरच्या माणसाच्या कमरेवर ठेवतो. काका दचकून मागे सरकले. कुत्र्याचे पाय खाली घसरले आणि जाताना पँटचा बराचसा भाग बरोबर घेऊन गेले.

"तो प्रेमाने उडी मारतो हो काका," मी म्हणाले. हे वाक्य कुत्रा पाळणारी सगळीच माणसं म्हणतात, आणि ते ऐकून आजवर कुणी शांत झालेलं नाही.

काकांनी एका हाताने पँट धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्यावर रोखलं. "प्रेमाने फाटली काय आणि रागाने फाटली काय, सूनबाई, भोक तेवढंच पडतं."

त्याच संध्याकाळी कमिटी भरली. आमच्या इमारतीची कमिटी एरवी भरत नाही. गच्ची गळते आहे ती केवळ माणसं जमत नाहीत म्हणून कित्येक वर्षं बिनविरोध गळते आहे. पण पँटच्या विषयाला सगळे हजर होते. ठरलं ते काकांनी दारात उभं राहून सांगितलं, आत या म्हटलं तरी आले नाहीत, कारण आत कुत्रा होता. महिन्याभरात कुत्र्याला वळण लावायचं. मग रविवारी सकाळी खाली अंगणात कमिटीसमोर प्रात्यक्षिक. बस म्हटलं की बसला पाहिजे, थांब म्हटलं की थांबला पाहिजे, ये म्हटलं की आला पाहिजे. शिवाय पालिकेचं लायसन हवं. यातलं काही कमी पडलं तर काकांच्या मेव्हण्याचा शहराबाहेर कारखाना आहे, तिथे राखणीला कुत्रा हवाच आहे.

"म्हणजे साखळीला बांधून?" मी विचारलं.

"मग काय ऑफिसात टेबल देणार त्याला?"

नवरा आतून म्हणाला, "होईल गं." नवरा सगळ्याला "होईल गं" म्हणतो. मला कळा सुरू झाल्या तेव्हाही म्हणाला होता, आणि झालंही, पण ते त्याच्या म्हणण्याने झालं नव्हतं.

कुत्र्याचं नाव माऊ आहे. ते ठकीने ठेवलं. ठकी म्हणजे माझी मुलगी. पिल्लू घरात आलं त्या दिवशी तिला एकाच प्राण्याचं नाव येत होतं, ते तिने त्याला देऊन टाकलं. आम्हाला वाटलं, पुढे बदलू. पुढे तो दाराच्या कडीला नाक लागेल एवढा झाला, पण माऊच राहिला. मी अंगणात उभी राहून "माऊ, माऊ" अशी हाक मारली की सगळ्या गाड्यांखालून मांजरं बाहेर येतात. तो येत नाही.

आता, कुत्रा गेला असता तर माझं काही बिघडलं असतं असं नाही. मी मुळात काळजी करणारी बाई आहे. आमच्या घरात टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्याला स्पंज बांधलेला आहे, प्लगच्या भोकांत बुचं आहेत, आणि कुत्र्याने शिंक दिली तरी ती ठकीला लागेल का, हे माझं नेटवर शोधून झालेलं आहे. पण ठकी तीन वर्षांची झाली तरी माणसांशी बोलत नाही. बोलता येतं तिला. आमच्याशी गरजेपुरतं बोलते. बाहेरचं कुणी दिसलं की तोंडाला कुलूप. बालवाडीतल्या बाई मला म्हणाल्या, "मुलगी गुणी आहे, पण तिचा आवाज कसा आहे ते आम्हाला अजून माहीत नाही." डॉक्टर म्हणाले, घाई करू नका. मी घाई करत नाही. मी फक्त दुपारी दाराआड उभी राहते. दाराच्या पलीकडे ठकी माऊच्या कुशीत बसून त्याला सगळं सांगत असते. बालवाडीत कोण रडलं, बाईंची चप्पल कशी तुटली, आईने भाजीत काय लपवलं. सलग, भराभर, हातवारे करून. तो ऐकतो. मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, हे मला त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे.

तर हा कुत्रा कारखान्याच्या आवारात गेला की ते कुलूप कायमचं लागणार, असं माझ्या मनाने घेतलं. म्हणून वळण.

पहिला आठवडा मी स्वतः शिकवलं. मी मुलांच्या संगोपनावरची पुस्तकं वाचलेली आहेत आणि ती सगळी एका गोष्टीवर ठाम आहेत: मुलाला हुकूम सोडू नका. पर्याय द्या. कारण सांगा. भावना ओळखा. ठकीला मी कधी "बूट घाल" म्हटलेलं नाही, "लाल घालणार की निळे?" असं विचारते, मग ती अनवाणी येते. तेच मी माऊला लावलं. त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून म्हणाले, "माऊ, आत्ता तुला बसायला आवडेल की थोडा वेळ उभं राहायला?" तो थोडा वेळ उभा राहिला. त्याने पर्याय निवडला होता, मला त्याचा आदर करणं भाग होतं.

"अगं, त्याला कशाला विचारतेस," सासूबाई म्हणाल्या. "दमला की आपणहून बसेल." सासूबाईंच्या मते जगातल्या कुठल्याही जिवाचा एकच प्रश्न असतो, तो म्हणजे पोटाला कमी पडतं. मी त्याला बसल्याबद्दल बिस्किट द्यायचं ठरवलं, त्या त्याला उभं राहिल्याबद्दल उकडलेलं अंडं देत होत्या. "मुका जीव आहे. तू एवढं बोलतेस त्याला, दम लागत असेल ऐकून."

शेजारच्या प्राध्यापकीणबाईंनी वेगळंच काढलं. त्यांच्याकडे कुत्रा नाही, त्यामुळे त्यांना या विषयात स्पष्टपणे विचार करता येतो. म्हणाल्या, कुत्र्याला घरात कोण मोठं हे ठरवून द्यावं लागतं. तुम्ही त्याच्या आधी जेवा, त्याच्या आधी दारातून बाहेर पडा, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवा आणि आधी नजर काढू नका. मी प्रयत्न केला. त्याच्या आधी दारातून बाहेर पडायला गेले आणि दोघं चौकटीत अडकलो. डोळ्याला डोळा भिडवला तेव्हा त्याने माझं नाक चाटलं. आधी जेवायचं तर मला कुठल्याच जिवाच्या आधी जेवायची सवय राहिलेली नाही. माझं ताट घेऊन मी बसले तोवर माऊ जेवून, आंचवून, सोफ्यावर झोपला होता. त्या घरात कोण मोठं हे त्याला पुरेसं कळलं असावं.

शेवटी मास्तर आणले. मास्तर म्हणजे कुत्र्यांना शिकवणारे. भरघोस मिशा, खिशांचं जाकीट, आणि खिशाखिशात वाळवलेल्या कलेजीचे तुकडे. ते जवळून गेले की जेवायची इच्छा तरी व्हायची किंवा कायमची जायची. आल्याआल्या त्यांनी भिंतीवर नजर टाकली, जणू आपलं तिथे सर्टिफिकेट लावलेलं असायला हवं होतं. मग माऊकडे न बघताच म्हणाले, "बस."

माऊ बसला. आमचा माऊ. शेपटी सरळ मागे ठेवून, छाती काढून, एखाद्या बँकेच्या दारात बसवावा असा.

ठकीही त्याच्या शेजारी बसली. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सासूबाईसुद्धा स्टुलावर टेकल्या, हे त्या आता कबूल करत नाहीत.

"मॅडम, आता तुम्ही सांगा," मास्तर म्हणाले.

मी म्हणाले, "माऊ, बस हं राजा, बसतोस ना जरा, म्हणजे आपल्याला पुढचं शिकता येईल."

माऊ उठून उभा राहिला.

मास्तरांनी डोळे मिटले. "मॅडम, तुम्ही सांगत नाही. तुम्ही विनंती करताय. आणि वर खुलासा देताय. कुत्र्याला खुलासा नको असतो."

"पण नुसतं 'बस' म्हणायचं म्हणजे फार उद्धट वाटतं हो."

"त्याला नाही वाटत. आवाज पोटातून काढा. एक शब्द. पुढे-मागे काही नको."

मी सबंध कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली बाई. पण ती सगळी 'शांततेचा मार्ग' वगैरे विषयांवर होती. एका शब्दाच्या भाषणाला मला कधी उभं केलं नव्हतं. माझं वाक्य "बस"वर थांबतच नाही. तोंडातून निघतानाच त्याला "हं" लागतं, "बाळा" लागतं, "प्लीज" लागतं, आणि मग ते वाक्य बसल्याशिवाय कुत्रा कसा बसणार.

मास्तर रोज संध्याकाळी अंगणात यायचे. ते "बस" म्हणाले की माऊ बसे, "थांब" म्हणाले की पुतळ्यासारखा थांबे, आणि शेवटी मास्तर तोंडात दोन बोटं घालून कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारत. ती शिट्टी मला अजिबात पसंत नव्हती. ठकी सगळा वेळ माऊला चिकटून, तो जे करतो ते करत, आणि बिस्किट मिळवत उभी असे. मी दर वेळी धावत जाऊन तिचे दोन्ही कान झाकायचे. लहान मुलांच्या कानांचे पडदे किती नाजूक असतात हे मास्तरांना मी समजावलं, तेव्हा त्यांचा फोन वाजला. बायकोचा होता. मास्तर आधी सावध उभे राहिले, मग "हो. हो. आणतो. हो," म्हणाले, आणि फोन ठेवून मला म्हणाले, "शिस्त, मॅडम. शिस्त हवी."

माझी पाळी आली की माऊ आभाळाकडे बघायचा. दुःखाची गोष्ट म्हणजे माझ्या हातून पडलेले कलेजीचे तुकडे टिपायला गाड्यांखालची करडी मांजर यायची, आणि चार-आठ दिवसांत ती "बस" म्हटलं की बसायला लागली. कुणी शिकवलं नव्हतं. माझा एकमेव निकाल, आणि तो परीक्षेला बसणारच नव्हता.

घरी मी आवाजाचा सराव करायचे. स्वयंपाकघराचं दार लावून, कुकरकडे बघून, पोटावर हात ठेवून: "थांब." एके दिवशी बेल वाजली. प्राध्यापकीणबाई होत्या. माझ्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाल्या, "सगळं ठीक आहे ना? नाही, रोज या वेळेला आवाज येतो. सासूबाई दिसत नाहीत कुठे?"

"झोपल्यात."

"हं," त्या म्हणाल्या. त्यानंतर इमारतीतल्या बायका सासूबाईंशी फार हळुवारपणे बोलू लागल्या, आणि सासूबाईंनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

मधल्या काळात लायसन. पालिकेच्या कचेरीत कुत्रा समक्ष हजर करावा लागतो. खिडकीमागे बसलेल्या क्लार्कने विचारलं, "प्राणी?"

"कुत्रा."

"नाव?"

"माऊ."

त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, आमची जेवायची सुटी अजून व्हायची आहे. थट्टा तेव्हा करू."

मी खरंच तेच नाव आहे म्हणून सांगितलं. तो आतल्या साहेबांना विचारून आला. साहेबांचं म्हणणं पडलं की कुत्र्याला मांजराचं नाव दिल्याने उद्या नोंदीत घोटाळा होईल, तरी लेखी खुलासा द्यावा. मी खुलासा लिहिला. खुलासे मला छान येतात. तो वाचत असताना क्लार्क समोरच्या एकुलत्या एका खुर्चीकडे हात करून म्हणाला, "बसा." माझ्या आधी माऊ खुर्चीवर चढून बसला. सरळ, छाती काढून. क्लार्क कौतुकाने म्हणाला, "शिकवलाय छान. कोणी, तुम्ही?" मी उभ्यानेच सही केली.

म्हणजे सबंध गावाचं तो ऐकत होता. एक मी सोडून.

रविवार उजाडला. मास्तर परीक्षेला हजर राहणार होते, त्यांच्या भरवशावर मी रात्रभर निदान पडून तरी राहिले होते. सकाळी त्यांचा फोन. आवाज पडलेला. "मॅडम, मी येऊ शकत नाही. आमचा कुत्रा पळालाय पहाटे."

"तुमचा?"

"हाका मारतोय," मास्तर म्हणाले, "येत नाहीये."

"होईल गं," नवरा म्हणाला.

अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कमिटी बसली होती. सेक्रेटरीकाका मध्ये, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, वर नवी कोरी राखाडी पँट. शेजारी काकू विणकाम घेऊन. वरच्या गॅलऱ्यांतून लोक चहाचे कप घेऊन वाकलेले. ठकीने माझा दुपट्टा मुठीत धरला होता आणि तोंडाला कुलूप घातलं होतं. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. पण सकाळी मी तिचे केस विंचरत होते तेव्हा ती आरशातल्या मला म्हणाली, "माऊ कुठे नाही जाणार." तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा होता, आणि पोटातूनच तर आवाज काढायचा होता.

"करा सुरू," काका म्हणाले.

मी माऊसमोर उभी राहिले. "बस."

म्हटलं मी. एक शब्द म्हटला. पण तो इतका बारीक निघाला की त्याला मागून आणखी काहीतरी हवं होतं, आणि मी मागून "हं" लावलं.

माऊने आभाळाकडे बघितलं. ठकी बसली. सासूबाई बसल्या. कमिटी आधीच बसलेली होती. त्या अंगणात उभे फक्त मी आणि तो.

"नोंद घ्या," काका खजिनदारांना म्हणाले.

"आता 'ये' करून दाखवतो," नवरा घाईघाईने म्हणाला, आणि माऊला पट्ट्याला धरून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेला. मी हातात कलेजी धरली. "माऊ, ये."

गाडीखालून करडी मांजर निघाली. शांतपणे चालत अंगणाच्या मधोमध आली, माझ्यासमोर बसली आणि वर बघू लागली.

मग खजिनदारांनी चष्मा पुसला. "हे आलंय की. बसलंय पण. काका, कुत्रा कुत्रा म्हणताय तो हाच का?"

"तो तिकडे आहे," काका दात आवळून म्हणाले.

तो तिकडे होता, आणि आपली कलेजी एका मांजरासमोर धरलेली त्याला दिसली होती. नवऱ्याचा "होईल गं"वाला हात सैल असतोच. पट्टा सुटला. मांजर वळली आणि फाटकाकडे पळाली. माऊ तिच्यामागे. आणि माझ्या दुपट्ट्याला लागलेला ताण एकदम गेला, म्हणून मी खाली बघितलं तर तिथे ठकी नव्हती. ती माऊच्या मागे धावत होती.

फाटक उघडं होतं. पाण्याचा टँकर उलटा आत येत होता. ड्रायव्हर पलीकडच्या खिडकीतून मान काढून वॉचमनशी बोलत होता. या बाजूला, त्या मोठ्या मागच्या चाकांच्या बाजूला, तो बघतच नव्हता.

मी हे सगळं शेकडो वेळा मनात बघितलेलं आहे. प्रत्येक रस्त्यावर, प्रत्येक जिन्यात. मनात मी नेहमी धावते आणि पोचते. त्या दिवशी मला स्वच्छ दिसलं की मी पोचणार नाही.

"थांब."

तो आवाज कुठून आला ते मला माहीत नाही. त्याला पुढे "राजा" नव्हतं, मागे "हं" नव्हतं. कारण नव्हतं, पर्याय नव्हता.

माऊ थांबला. चारी पाय रोवून, फाटकाच्या मधोमध, आणि लगेच बसला. ठकी त्याच्या दोन पावलं मागे थांबली. टँकर करकचून थांबला. वॉचमनने एक हात वर केला होता तो तसाच राहिला. वरच्या गॅलरीत कुणाचा तरी कप बशीवर टेकता टेकता थांबला. सेक्रेटरीकाका उठत होते, ते अर्धवट उठलेल्या अवस्थेतच राहिले. काकूंच्या सुया थांबल्या. मांजर मात्र गेली. तिला "बस"च काय ते येत होतं.

मी धावत जाऊन ठकीला उचललं. तिला धरून मी तिथेच खाली बसले. टँकरचं मागचं चाक मला तिथून पुरं दिसत होतं. त्याच्यावरचा चिखल अजून ओला होता.

यानंतर खरं म्हणजे सगळं संपायला हवं होतं. ड्रायव्हरने खाली उतरून मला शिव्या दिल्या, मग ठकीला बघून स्वतःलाच दिल्या, आणि पुन्हा वर चढून हॉर्न वाजवला. टँकरला आत यायचं होतं. फाटकात माऊ बसला होता.

"चल माऊ," मी म्हणाले. तो हलला नाही. छाती काढून, सरळ समोर बघत बसून राहिला.

"ऊठ," नवरा म्हणाला. मग ओढलं. माऊ बसल्या बसल्या कपाटासारखा वीतभर सरकला आणि तिथे बसला. कलेजी दाखवली, डोळे वळले, बूड वळलं नाही. सासूबाईंनी अंडं आणलं. व्यर्थ. टँकरपलीकडे रस्त्यावर गाड्या लागल्या, हॉर्न सुरू झाले. आता कमिटीची तक्रार अशी झाली की हा कुत्रा बसतो.

"उठवा ना त्याला," काका म्हणाले. "बसवता येतं आणि उठवता येत नाही, हे कसलं शिक्षण?"

माझ्या सांगण्यावरून तो आजवर कधी बसलाच नव्हता, तेव्हा त्याला उठवायचा प्रश्नच कधी आला नव्हता.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माझ्या मांडीवर ठकीही ताठ आहे. लाकडासारखी. हात बाजूला, नजर समोर. मी घाबरून तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. "ठकी, काय झालं? लागलं का कुठे?"

"शिट्टी नाही झाली," ठकी म्हणाली.

मोठ्याने. अख्ख्या कमिटीसमोर, ड्रायव्हरसमोर, गॅलऱ्यांसमोर. बालवाडीच्या बाईंना माहीत नसलेला तो आवाज, खणखणीत. "मास्तर शिट्टी मारतात मग उठायचं. शिट्टी नाही झाली तर नाही उठायचं. तुला माहीत नाही? तू कान दाबतेस नुसती."

महिनाभर मी त्या शिट्टीला कानाच्या पडद्यांचा शत्रू समजत होते. ती सुटका होती.

मग त्या अंगणात सगळे तोंडात बोटं घालू लागले. नवऱ्याची शिट्टी म्हणजे फुकटची फुंकर. खजिनदारांची कवळी आडवी आली. वॉचमनकडे प्लॅस्टिकची शिट्टी होती, ती त्याने वाजवली, माऊने कीव केल्यासारखं बघितलं. मास्तरांना फोन लावला, ते कुठल्या तरी मैदानात हाका मारत होते, त्यांना ऐकू येईना. हॉर्नचा कल्लोळ झाला.

"काय लावलंय हे," सेक्रेटरीकाका वैतागून म्हणाले, आणि त्यांनी दोन बोटं जिभेखाली दुमडली.

अशी शिट्टी मी आयुष्यात ऐकलेली नाही. मास्तरांची तिच्यापुढे काहीच नव्हती. तिला सुरुवात होती, मध्ये एक लाडिक वळण होतं, आणि शेवटी ती प्रश्नासारखी वर जात होती. वरच्या गॅलरीतल्या दोन-तीन आज्या पुढे वाकल्या.

माऊ उठला. सुटका कुणी केली ते त्याने वळून बघितलं. त्याला फार आनंद झाला.

गमबूट गुडघ्यापर्यंतच होते. नवी पँट तिथून वर होती.

काका तसेच उभे होते, दोन्ही हातांनी धरून. माझ्या डोळ्यांसमोर कारखान्याचं आवार, साखळी, सगळं आलं. मी म्हणाले, "काका, तो प्रेमाने..." पण काका माझ्याकडे बघत नव्हते. ते काकूंकडे बघत होते. काकूंनी विणकाम पिशवीत ठेवलं होतं.

"ही कुठे शिकलात?" काकू म्हणाल्या.

"अगं, कॉलेजात... सगळेच मारायचे तेव्हा."

"मला कधी ऐकवली नाहीत ती."

काकू उठल्या, माऊच्या डोक्यावर हात ठेवला आणि कमिटीला म्हणाल्या, "कुत्रा राहू दे. नोंद घ्या." मग काकांना म्हणाल्या, "चला वर. शिट्टीचं घरी बघू."

त्या "चला"मध्ये पुढे-मागे काही नव्हतं. काका चालू लागले.

म्हणजे माऊ राहिला. मी आनंदात असायला हवं. नवरा म्हणतो, बघ, झालं ना. मास्तरांचा कुत्रा मास्तरांच्या सासुरवाडीला सापडला. पण माझं पुढे काय झालं ते सांगते, कारण ते कुणी विचारत नाही. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला ठकी माऊशेजारी जमिनीवर बसून दिवसभराचं सगळं त्याला सांगत होती. आता दार उघडं ठेवून, आमच्यासमोर. तिच्या हनुवटीला वरण लागलं होतं. मी ओला रुमाल घेऊन निघाले, आणि वाटेतच म्हणायला लागले, "ठकी बाळा, आपण तोंड आत्ता पुसू या की हा घास झाल्यावर, कारण काय होतं, की ते वाळलं ना की मग..."

ठकीने बोलणं थांबवलं. माझ्याकडे वळली. पोटावर हात ठेवला.

"थांब."

मी थांबले. एक पाय पुढे, हातात रुमाल. ठकी परत माऊकडे वळली आणि टँकरचं चाक केवढं होतं ते हात पसरून दाखवू लागली. सासूबाईंनी माझ्यासाठी एक अंडं उकडायला ठेवलं.

शिट्टी आमच्या घरात कुणालाच येत नाही. आणि काकांना ती आता कुणी मारू देणार नाही.